फोंड खंय गेले? जुन्या व्हिडिओगेमचा नकाशा काढताना

माझा पहिला नकाशा भाच्याने एका मिनिटात नापास केला. सुपर मारिओचा पहिला स्टेज, १-१. तीन रात्री जागून स्क्रीनशॉट एकापुढे एक चिकटवले होते आणि डावीकडून उजवीकडे सरकवत मी त्याला कौतुकाने दाखवत होते. तो म्हणाला, "मावशे, फोंड खंय गेले?" कोकणीत फोंड म्हणजे खड्डा, खंय म्हणजे कुठे. मारिओ ज्यांत पडून मरतो त्या तीन खड्ड्यांपैकी पहिले दोन माझ्या नकाशात नव्हतेच. गोव्यातल्या फोंडा गावात राहून फोंड हरवणारी मी.

झालं होतं असं. पावसाच्या पहिल्या सरीला आमच्याकडे वीज जाते तशी गेली आणि चिकटवलेले पण सेव्ह न केलेले तुकडे पीसीबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी जुनी फाइल उघडली, पुढचा वाटला तो स्क्रीनशॉट घेतला, मागची हिरवी टेकडी आणि ढग नीट जुळवले आणि पुढे गेले. जुळले तर अगदी बिनचूक. पण या गेममधली टेकड्या-ढगांची नक्षी दर ४८ चौकोनांनी, म्हणजे तीन पडद्यांनी, पुन्हा तीच येते. तीच टेकडी, तेच ढग, फक्त तीन पडदे पुढचे. मधला सगळा भाग मी गिळला होता. पाइप मोजले तर सहाच्या सहा, कारण त्या भागात नेमका एकही पाइप नाही. त्यामुळे शंका यायलाही जागा नव्हती.

मी दिवसा एका खासगी सर्व्हेअरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. जमिनीचे एक-चौदाचे उतारे, हद्दीचे दगड, कुणाच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, कुणाची पायवाट जाते, हे आमचं रोजचं. तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट मी घरी साफ विसरले होते: आधी अख्ख्याची चौकट बांधायची, मग तुकडे भरायचे. तुकड्याला तुकडा जोडत गेलात की प्रत्येक चूक पुढच्याला वारशाने मिळते. त्यामुळे खाली जे सांगते त्यात सॉफ्टवेअर कमी आणि ऑफिसच जास्त आहे.

पहिला गेम निवडताना सरकणारा घेऊ नका, पलटणारा घ्या. म्हणजे कडेला गेलं की अख्खा पडदा बदलतो असा. १९८६चा 'द लेजंड ऑफ झेल्डा' यासाठी सोन्यासारखा आहे. आमच्या लहानपणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून ज्या कॅसेटी यायच्या, ज्यांच्यावर ९९९९९९ गेम लिहिलेलं असायचं आणि आत सात-आठच निघायचे, त्यांत हा मला कधी भेटला नाही. तिथे मारिओ आणि काँट्रा. झेल्डा मी खूप उशिरा, नोकरीला लागल्यावर खेळले, आणि खेळता खेळताच लक्षात आलं की हे तर कुणीतरी प्लॉट पाडून ठेवलेले आहेत. बाहेरचं जग १६ स्तंभ आणि ८ ओळी, एकूण १२८ पडदे. एक पडदा २५६ पिक्सेल रुंद, १७६ उंच. गुणाकार करा: ४०९६ बाय १४०८. पहिला स्क्रीनशॉट काढायच्या आधीच तुमच्या कागदाचं माप ठरलं.

गिंप नावाचं चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घ्या. त्या मापाची कोरी फाइल उघडा, ग्रिड २५६ बाय १७६ ठेवा आणि चिकटवलेलं आपोआप रेषेवर बसेल अशी सोय, म्हणजे स्नॅप टू ग्रिड, चालू करा. गेम सुरू होतो तो पडदा सर्वांत खालच्या ओळीत, डावीकडून आठवा. तो तिथे बसवा. हा तुमचा पहिला हद्दीचा दगड. इथून पुढे कुठलाही पडदा आपल्या जागी बसतो, शेजारी असो वा नसो. एक चुकला तरी तो एकटाच चुकतो. वर डाव्या कोपऱ्यात गेम स्वतःच एक राखाडी चौकोन आणि त्यात हिरवा ठिपका दाखवतो, तुम्ही जगात कुठे आहात त्याचा. पडदा बसवण्याआधी ठिपक्याकडे एकदा बघायचं. फुकटचा जीपीएस आहे तो.

आता एम्युलेटर, म्हणजे जुना गेम पीसीवर चालवणारा प्रोग्राम. एफसीईयूएक्स किंवा मेसेन, दोन्ही चालतील. सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा. एक, चित्र गुळगुळीत करणारे सगळे फिल्टर बंद. दोन, मोठं करून दाखवणं बंद, मूळ मापातच शॉट हवा. तिसरीला मी स्वतः ठेच खाल्ली आहे. हे गेम ज्यावर चालायचे त्या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राचं चित्र २५६ बाय २४० असतं, पण जुन्या टीव्हीत कडा झाकल्या जायच्या म्हणून बरेच एम्युलेटर वरच्या आणि खालच्या आठ-आठ ओळी आपणहून कापतात आणि २२४ हातात देतात. मारिओत त्याने फार बिघडत नाही. झेल्डात वरचे ६४ पिक्सेल हृदयं आणि 'रुपी' या गेममधल्या पैशांच्या पट्टीचे, बाकी १७६ जमिनीचे, आणि ती जमीन थेट तळाला टेकलेली. खालच्या आठ ओळी कापल्या की जमिनीचा अर्धा चौकोन गेला. मग प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये एक बारीक रिकामी फीत राहते आणि तुम्ही रात्रभर ग्रिडला दोष देत बसता. पूर्ण २४० ओळी दिसतील असं करा, शॉट काढा, वरचे ६४ छाटा.

शॉट पीएनजीतच ठेवा. जेपीजीत रंगांच्या कडेला घाण जमते, आणि पुढे जुळणी तपासताना तीच घाण डोळ्यांत येते. फाइलचं नाव ओळ आणि स्तंभ: ०८_०८, ०७_०८. 'नवीन१', 'नवीन फायनल' अशी नावं दिलीत तर देवच वाचवो. पडदा पलटत असताना, म्हणजे अर्धा हा अर्धा तो असताना, शॉट काढू नका. आणि शत्रू, बाण, स्वतः नायक लिंक हे सगळे काही सेकंदांपुरते लपवता येतात, बऱ्याच एम्युलेटरमध्ये स्प्राइट, म्हणजे ही हलती चित्रं, बंद करायची सोय असते. रिकामी जमीन आधी, माणसं नंतर वेगळ्या लेयरवर, म्हणजे वर ठेवलेल्या पारदर्शक थरावर.

लेयरवरून एक महत्त्वाचं. नकाशा कुठल्या क्षणाचा, हे सुरुवातीला ठरवा आणि लिहून ठेवा. झेल्डात झुडूप जाळलं की खाली जिना निघतो, खडकाला बॉम्ब लावला की गुहा उघडते. दाखवायचं काय, आधीचं की नंतरचं? काही जण अर्धं हे अर्धं ते दाखवतात, जिथे जसं जमलं तसं, आणि मग तो नकाशा कुणाच्याच खेळाशी जुळत नाही. मी खाली जमीन अजून कुणी हात न लावलेली ठेवते आणि गुहा, जिने, दुकानं वरच्या लेयरवर खुणांनी. घराच्या सर्व्हे प्लॅनवर नवी खोली आपण तुटक रेषेने दाखवतो, तसंच.

मग येतं जंगल. सातव्या ओळीत, डावीकडून दुसरा पडदा. इथून पुढे गेलं की पुन्हा तोच पडदा. वर, डावीकडे, खाली, डावीकडे, असं चाललं तरच पश्चिमेला सुटका. दुसऱ्या ओळीत, बाराव्या स्तंभात अशीच डोंगरातली जागा आहे, तिथे सलग चार वेळा वर. पहिल्यांदा मी त्या जंगलाचे सोळा पडदे काढले, एकसारखे एक, आणि ते कुठे चिकटवायचे म्हणून डोकं धरून बसले. उत्तर सोपं होतं: पडदा एकच आहे, एकदाच बसवा, आणि बाजूला बाणांनी वाट लिहा. वाट म्हणजे जमीन नव्हे. केरी-सत्तरीकडच्या रानात रस्ता चुकलेला माणूस तीन तास चालला म्हणून रान तिप्पट होत नाही.

चौकटीची सवय लागली की मारिओकडे वळा. इथे ग्रिडची मदत कमी, कारण पडदा सरकतो, आणि १९८५च्या या गेममध्ये मागे जाताच येत नाही, म्हणजे परत येऊन तपासायचीही सोय नाही. साधारण अर्धा पडदा चालायचं, पॉज, शॉट. दोन शॉटमध्ये निदान एक तृतीयांश भाग सामाईक हवा. आता जुळणी डोळ्यांनी करू नका. नवा शॉट वरच्या लेयरवर ठेवा आणि त्या लेयरचा मोड 'डिफरन्स' करा. दोन्हीकडे सारखं असेल तिथे काळं दिसतं, नसेल तिथे रंग. बाणाच्या बटणाने एकेक पिक्सेल सरकवत राहा. आधी रंगीबेरंगी कचरा, मग कडा बारीक होत जातात आणि एका क्षणी सामाईक भाग सगळा काळाकुट्ट. मला त्या क्षणाचं व्यसन आहे असं घरचे म्हणतात. तीन गोष्टी मात्र काळ्या होणार नाहीत आणि त्याने घाबरू नका: वरची स्कोअरची पट्टी, कारण ती पडद्याबरोबर सरकत नाही, स्वतः मारिओ, तुम्ही लपवला नसेल तर, आणि प्रश्नचिन्हाचे ठोकळे, कारण ते सारखे चमकत असतात. जमिनीच्या विटा, पाइप आणि ठोकळे काळे झाले पाहिजेत. टेकड्या-ढगांवर कधीही भिस्त ठेवू नका. माझं काय झालं ते वर वाचलंच आहे.

आणि खेळताना शेजारी वही. ऑफिसात आम्ही याला फील्ड बुक म्हणतो, जागेवर जे दिसलं ते तिथल्या तिथे पेन्सिलीने. १-१ साठी माझ्या वहीत आता असं आहे: पाइप ६, खड्डे ३, चौथ्या पाइपातून खाली, खाली नाणी १९, वर यायचं पाचव्या पाइपातून, पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे अदृश्य ठोकळा आणि त्यात १-अप, म्हणजे एक जादा लाइफ. नकाशा पुरा झाला की तो वहीशी ताडून बघायचा. चित्रातून चित्र तपासता येत नाही, वेगळ्या वाटेने आलेली नोंद लागते. सर्व्हेत फिरून पुन्हा पहिल्या दगडावर येतो आणि किती फरक पडला ते बघतो, त्याला क्लोजिंग एरर म्हणतात. मारिओत परत येता येत नाही, म्हणून ही वही. जमिनीखालची खोली मुख्य पट्टीच्या खाली काढा, पाइपापासून पाइपापर्यंत बाण द्या. ४-४, ७-४ आणि ८-४ या किल्ल्यांत चुकीच्या वाटेने गेलं की तोच भाग पुन्हा येतो. तिथे जंगलाचाच नियम: भाग एकदाच, वाट बाणांनी.

भाचा हमखास विचारतो तो प्रश्न इथे उरकते: १-२ मधल्या भिंतीतून शिरून जो 'मायनस वर्ल्ड' लागतो तो नकाशात घ्यायचा का? ते मुळात ३६ क्रमांकाचं जग. त्या क्रमांकाला अक्षर म्हणून रिकामी जागा छापली जाते, म्हणून पडद्यावर फक्त '-१' दिसतं. कागदावर सर्व्हे नंबर आहे आणि जागेवर काही नाही, अशी प्रकरणं आमच्याकडेही येतात. मी वेगळ्या पानावर काढते.

काँट्राला नकाशाची घाई करू नका. पहिलं जंगल उजवीकडे सरकतं, धबधबा वर सरकतो, ते दोन्ही वरच्याच पद्धतीने होतात. पण बेसचे जे स्टेज आहेत, जिथे आपण पाठमोरे असतो आणि आत आत जातो, त्यांचं चित्र जोडून काही निघत नाही. तिथे चौकोन आणि रेषा काढा, कुठल्या खोलीनंतर कुठली. चवथीला डिचोलीच्या घरी सगळी भावंडं जमली की दादा तीस लाइफवाला कोड मारून बसायचा, वर वर खाली खाली, आणि आम्ही आळीपाळीने मरायचो. त्याने वहीच्या मागच्या पानावर बेसच्या खोल्या काढल्या होत्या, नुसते डबे आणि बाण, कुठून गोळी येते ते लाल पेनाने. तो नकाशा अजूनही माझ्यापेक्षा चांगला आहे.

शेवटचं काम कंटाळवाणं, म्हणून लोक टाळतात. उजव्या कोपऱ्यात चौकट काढून लिहा: गेमचं नाव, कुठल्या देशातली आवृत्ती, कुठल्या क्षणाचा नकाशा, खुणांचे अर्थ, तारीख, काढणाऱ्याचं नाव. झेल्डात नाव म्हणून झेल्डा टाकलं की दुसरी मोहीम सुरू होते आणि गुहांच्या जागा बदलतात, तेव्हा कितवी मोहीम तेही. मोठं करायचं असेल तर दुप्पट किंवा तिप्पटच, दीडपट कधी नाही, आणि इंटरपोलेशन, म्हणजे मोठं करताना मधले रंग मिसळून भरायची सोय, 'नन' ठेवून. छापायला मी दुप्पट करून ३०० डीपीआयवर देते, झेल्डाचं जग साधारण ७० सेंटीमीटर रुंद येतं. कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंत तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तुमची महिनाभराची मेहनत समोर धुरकट होऊन पोचते.

माझा झेल्डा भाच्याच्या खोलीत लावलाय. परवा गेले तर पाचव्या ओळीत एका दुकानाच्या खुणेला त्याने पेन्सिलीने गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'हांगा दुकान ना.' एम्युलेटर उघडून बघितलं. खरंच नाही. खूण एक घर डावीकडे हवी होती.