चाकांतून घूं आवाज: टायर की बेअरिंग?
एक्सप्रेसवेवर गाडी ८० च्या पुढे गेली की चाकांतून घूं असा आवाज येतो? पार्ट बदलण्याआधी हे बघा.

१. काँक्रीटचा रस्ता संपून डांबरी लागला की आवाज बदलतो? मग संशय टायरवर. घरी पोचल्यावर टायरवर तळहात पुढे-मागे फिरवा. एकीकडून गुळगुळीत, दुसरीकडून करवतीसारखं लागलं, तर टायर वेडावाकडा झिजलाय. मागचे-पुढचे टायर अदलाबदल करा. आवाजाची जागा हलली, तर टायरच.

२. रस्ता कुठलाही असो, लांब डाव्या वळणावर आवाज वाढतो, उजव्या वळणावर कमी होतो? बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो. उलट असेल तर डावं.

बेअरिंगचा संशय असेल तर आधी गॅरेज, मगच घाट.