ठाणे आणि नवी मुंबईत बेघरांना मदत कशी करावी : देणगीदार आणि स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शक

ठाणे स्थानकाबाहेर सॅटिस पुलाखाली, तलावपाळीच्या कट्ट्यांवर, तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली, तुर्भ्याच्या एपीएमसी बाजाराच्या बाहेर किंवा वाशी-नेरूळ स्थानकांच्या आसपास रात्र काढणाऱ्या माणसांना जेवण देऊ इच्छिणारे या दोन्ही शहरांत कमी नाहीत. सर्वपित्री अमावास्या, आईवडिलांचे वर्षश्राद्ध, मुलाचा वाढदिवस अशी निमित्ते साधून अन्नदान होते. पण निमित्ते सगळ्यांची सारखीच असल्यामुळे एकाच रात्री एकाच पुलाखाली दोन-तीन गट खिचडी घेऊन पोहोचतात आणि नंतर कित्येक दिवस तिकडे कोणी फिरकत नाही. खरा तुटवडा अन्नाचा नसून सोबतीचा असतो. रुग्णालयात केसपेपर काढून देणारा, आधार केंद्रावर रांगेत उभा राहणारा, निवारा केंद्रापर्यंत पोहोचवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशी करणारा माणूस मिळत नाही. म्हणून या लेखात अन्नवाटप ही केवळ सुरुवातीची पायरी धरली आहे.

पहिली पायरी : एक जागा ठरवा आणि आधी नुसते पाहा

शहरभर फिरणाऱ्या मोठ्या गटापेक्षा एकाच ठिकाणी नेमाने जाणारा चार-पाच जणांचा गट कितीतरी अधिक उपयोगी पडतो. गटात किमान एक स्त्री असावी आणि स्थानिक पोलीस ठाण्याला आपल्या येण्याजाण्याची आगाऊ कल्पना द्यावी. सुरुवातीच्या फेऱ्यांत हातात काहीही वाटायला न नेता रात्री दहानंतर आणि पहाटे अशा दोन्ही वेळा जागा पाहावी, कारण रात्री जो माणूस निराधार वाटतो तो पहाटे नाक्यावर कामाला उभा असलेला दिसू शकतो.

पुलाखाली झोपणारे सगळे एकाच कारणाने तिथे आलेले नसतात. दिवसा बिगारीचे काम करून भाडे परवडत नाही म्हणून बाहेर झोपणारा नाका कामगार, दुष्काळी गावातून मुलाबाळांसह आलेले कुटुंब, घरच्यांनी सांभाळायचे सोडलेले वृद्ध, व्यसनात अडकलेला तरुण आणि मानसिक आजारामुळे वाट चुकलेली व्यक्ती या प्रत्येकाची गरज वेगळी असते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाबाहेर झोपलेला माणूस तर बहुधा बेघर नसतो. तो परगावाहून आलेल्या रुग्णाचा नातेवाईक असू शकतो. हा फरक न ओळखता सगळ्यांना एकच पाकीट देणे सोपे असते, पण त्यातून कोणाचाच प्रश्न सुटत नाही.

दुसरी पायरी : बोलणे

झोपलेल्या माणसाला जेवण देण्यासाठी उठवू नये. त्याची पथारी हेच त्याचे घर असल्यामुळे तिच्यावर चपलेने पाय ठेवू नये, उभ्याने न बोलता शेजारी बसावे आणि वयाप्रमाणे काका, मावशी, दादा, ताई असे म्हणून ‘अहो-जाहो’नेच बोलावे. ‘घर का सोडले?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नये. प्रकृती, जेवण, आजचे काम मिळाले की नाही एवढे विचारले तरी पुरते. नाव, गाव आणि घरचे लोक हा विषय ओळख वाढली की ती माणसे स्वतःहून काढतात.

छायाचित्रे काढू नयेत. देणगीदारांना पुरावा हवा असेल तर किराण्याची बिले आणि खर्चाचा हिशेब दाखवावा. घास घेणाऱ्याचा चेहरा हा हिशेबाचा कागद नव्हे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड होईल असा मजकूर किंवा चित्र प्रसिद्ध करणे बाल न्याय कायद्याने निषिद्धच केलेले आहे.

तिसरी पायरी : अन्नाचे वार वाटून घ्या

आपण निवडलेल्या ठिकाणी आणखी कोण येते, याची चौकशी त्या जागेवरच्या चहावाल्याकडे किंवा रिक्षाचालकांकडे केली तर ती लगेच कळते. मंदिरे, गुरुद्वारे, मंडळे, महाविद्यालयीन गट यांच्याशी बोलून एक सामाईक व्हॉट्सअ‍ॅप गट करावा आणि वार वाटून घ्यावेत. अमावास्येची आणि सणाची रात्र आपण मुद्दाम सोडून द्यावी. त्या दिवशी कोणी ना कोणी येणारच असते.

शिजवलेले अन्न गरम ठेवायचे असेल तर ते ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजे, आणि ते शक्य नसल्यास शिजल्यापासून दोन तासांच्या आत खाल्ले जावे. लग्नाच्या हॉलमधून रात्री उशिरा आलेले पनीरचे पदार्थ आणि दुधाची मिठाई नाकारायला संकोच करू नये. अनेक वृद्धांना दात नसतात, त्यांना मऊ खिचडी किंवा डाळभात चालतो, पुरी-छोले चालत नाहीत. मधुमेह असणाऱ्यांची संख्याही लक्षात घेण्यासारखी असते, त्यामुळे दर वेळी गोड पदार्थ नको.

वाटपानंतरचा कचरा उचलणे ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिचे परिणाम गंभीर होतात. द्रोण, पत्रावळी आणि सांडलेला भात तिथेच पडून राहिला की आसपासच्या सोसायट्या आणि दुकानदार तक्रार करतात, मग महापालिकेचे पथक येऊन जागा मोकळी करते आणि त्यात या माणसांची गाठोडी, कधी कधी कागदपत्रांसकट, उचलली जातात. वाटायला जितके लोक नेले असतील तितकेच लोक कचरा गोळा करायलाही थांबले पाहिजेत.

चौथी पायरी : वस्तू विचारून द्या

घरातील कपाट रिकामे करताना निघालेल्या जरीच्या साड्या आणि कोट यांचे पुलाखाली काही काम नसते. नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, मजबूत चपला, मच्छरदाणी, कुलूप लावता येईल अशी पिशवी आणि कागद भिजू नयेत म्हणून प्लास्टिकचे पाकीट यांची मागणी सतत असते. थंडीतल्या कांबळेवाटपाविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. ती प्रथा उत्तरेकडच्या हवेला साजेशी आहे; ठाण्याची थंडी चादरीवर निभावते, जीव मेटाकुटीला येतो तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे डिसेंबरात कांबळी घेण्याऐवजी तेच पैसे राखून मे महिन्याच्या अखेरीस ताडपत्र्या, रेनकोट आणि कोरडे कपडे घ्यावेत. ओल्या पायांना होणारे चिखल्यांचे जखमी चट्टे पावसाळ्यात हमखास दिसतात, म्हणून त्यावरचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने सोबत ठेवावे.

पाचवी पायरी : आजारी माणसासोबत जा

हीच या कामातील सर्वात अवघड आणि सर्वात मोलाची पायरी आहे. बेशुद्ध, अपघातग्रस्त किंवा अळ्या पडलेली जखम असलेली व्यक्ती दिसली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, मात्र रुग्णवाहिकेत बसवून परत फिरू नये. नातेवाईक नसलेल्या रुग्णाला चाचणीसाठी एका इमारतीतून दुसरीकडे नेणे, औषध आणणे, रक्ताचा नमुना पोहोचवणे ही कामे करायला कोणी नसते, आणि म्हणून तो मागे पडतो. गटातील एकाने आपला दूरध्वनी क्रमांक केसपेपरवर द्यावा आणि घरी सोडायच्या दिवशी हजर राहावे, अन्यथा टाके घातलेला माणूस त्याच रात्री पुन्हा पुलाखाली दिसतो. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि क्षयरोगाचे औषधही मोफत मिळते. औषध मध्येच सुटू नये, ही जबाबदारी स्वयंसेवकाने घ्यावी.

मानसिक आजाराच्या बाबतीत कायदा नीट माहीत असणे आवश्यक आहे, कारण अशा व्यक्तीला परस्पर गाडीत घालून कुठेतरी पोहोचवणे चुकीचे आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे, मानसिक आजारामुळे भटकणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती आपल्या हद्दीत आढळल्यास तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणे हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. अशा व्यक्तीला कोठडीत ठेवता येत नाही. याच कायद्याने बेघर आणि निराधार व्यक्तींना, त्यांच्याकडे दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो, सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थांत मोफत मानसोपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, ही या शहराची जमेची बाजू. काय करावे हे सुचत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर समुपदेशक बोलतात. रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना आपापल्या गावी घरच्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने कर्जतच्या केंद्रातून वर्षानुवर्षे केले आहे, आणि त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातून कळते की उपचार झाल्यावर अनेकांना स्वतःचे गाव आठवते. तोवर धीर धरावा लागतो.

एकटे मूल दिसल्यास १०९८, संकटातील स्त्रीसाठी १८१ आणि वृद्धांसाठी १४५६७ हे क्रमांक गटातील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत. मूल आपल्या घरी नेऊ नये. पुलाखाली कुटुंबासह राहणाऱ्या मुलांसाठी मात्र खाऊपेक्षा शाळा महत्त्वाची आहे. ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी २०१६ मध्ये तीन हात नाक्याच्या पुलाखालीच सिग्नल शाळा सुरू केली, ती याच विचाराने.

सहावी पायरी : निवारा

सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात २०१० मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या सूचनांनुसार शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा असला पाहिजे आणि तो वर्षभर, चोवीस तास खुला असला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि नवी मुंबईची सुमारे ११.२ लाख होती. त्या जुन्या आकड्यांवरही ठाण्याला अठरा आणि नवी मुंबईला अकरा निवारे लागतात. आपल्या प्रभागाच्या जवळचे केंद्र कोणते, हे महापालिकेच्या समाज विकास विभागात विचारावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर हाच निकष लेखी अर्जात नमूद करून मागणी करावी. अशा अर्जावर देणगीदारांच्या सह्या असल्या की त्याला वजन येते. देणगीदारांनी ही भूमिकाही घ्यायला हवी.

कोणालाही निवाऱ्यात जाण्याचा सल्ला देण्यापूर्वी स्वयंसेवकाने ते केंद्र स्वतः पाहून यावे : स्वच्छतागृह कसे आहे, सामान ठेवायला कप्पा आहे का, पहाटे कामाला निघता येते का. लोक नकार देतात त्याला बहुतेक वेळा सबळ कारण असते. नवरा-बायकोला वेगळे झोपावे लागते, कामाचा नाका दूर पडतो, किंवा पुलाखालची जागा एकदा सोडली की ती दुसरा कोणी धरतो. जबरदस्ती करू नये. जो तयार होईल त्याच्यासोबत पहिल्या रात्री जावे आणि दोन दिवसांनी पुन्हा भेटावे.

सातवी पायरी : कागदपत्रे

आधार कार्ड कधीच काढले नव्हते की काढलेले हरवले, हे आधी विचारावे. हरवले असेल तर आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून जुना क्रमांक सापडू शकतो. नवी नोंदणी करायची असेल तर मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाने विहित नमुन्यात दिलेला दाखला चालतो. मतदार यादीसाठी बेघर व्यक्ती नमुना ६ भरून आपण झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहू शकते, आणि ती तिथे खरोखर झोपते का हे पाहायला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येतो. अर्ज भरून दिल्यावर त्या काळात माणूस त्याच जागी राहील याची काळजी स्वयंसेवकाने घ्यावी. बांधकामावर काम करणाऱ्यांनी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळवला तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होऊन ओळखपत्र मिळते. या ओळखपत्राचा आणखी एक उपयोग आहे. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात उदरनिर्वाहाचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणेही ‘भीक मागणे’ या व्याख्येत बसते, त्यामुळे आपण कष्टकरी आहोत हे दाखवणारा कागद खिशात असणे चांगले.

आठवी पायरी : पैसे

संस्थेला देणगी देताना तिची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आणि मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागावा. देणगीवर प्राप्तिकरात सवलत हवी असल्यास २,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने देऊ नये. वस्तुरूप देणगीवर आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही. नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर गणेशोत्सव मंडळे घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी घ्यावी. खर्चाचा तक्ता दरमहा सर्व देणगीदारांना पाठवावा, आणि त्यात रिक्षाभाडे, औषधे, झेरॉक्स असे बिनआकर्षक खर्चही निःसंकोच लिहावेत, कारण काम पुढे सरकते ते याच खर्चांमुळे.

ज्याला काम आहे, कागद आहेत आणि थोडी शिल्लक टाकायची सवय लागली आहे, अशा माणसाच्या वाटेत शेवटी एकच अडसर उरतो, तो म्हणजे भाड्याच्या खोलीची अनामत रक्कम. कळवा, दिघा किंवा तुर्भे परिसरात दोघा-तिघांनी मिळून खोली घेतली तर भाडे त्यांना पेलते, पण एकरकमी अनामत पेलत नाही. देणगीदारांनी ही रक्कम थेट घरमालकाला द्यावी, करारात राहणाऱ्यांचीच नावे असावीत आणि ती दरमहा थोडी थोडी परत घ्यावी; परत आलेल्या पैशांतून पुढच्या खोलीची अनामत भरता येते. सुरुवातीचे तीन महिने एका स्वयंसेवकाने आठवड्यातून एकदा त्या खोलीवर चक्कर मारावी, भाड्याची पावती पाहावी आणि कोणाचे काम सुटले असेल तर महिना संपायच्या आत ते गटाला कळवावे.