डीएनपी करायची म्हणताय? आधी रात्रपाळीला एक चक्कर मारा

गेल्या महिन्यात टेक्सासमधल्या एका मराठी सिस्टरचा फोन आला. "ताई, मॅनेजर होऊन तीन वर्षं झाली. आता डीएनपी करू का?" डीएनपी म्हणजे नर्सिंगमधली डॉक्टरेट. मी विचारलं, कशासाठी? "पुढे डायरेक्टर व्हायचं तर हल्ली सगळीकडे विचारतात." खोटं नाही ते. पण तेवढ्यासाठी दोन-तीन वर्षांचे रविवार घालवू नयेत. तिला तासभर जे सांगितलं, तेच जरा नीट लावून इथे लिहिते आहे.

माझं मूळ मिरजेचं. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग पोस्ट बेसिक पदवी, मग तिथल्या परवान्याची एनसीएलएक्स परीक्षा देऊन अमेरिका. इथे मास्टर्स केलं, युनिट मॅनेजर झाले आणि चाळिशी उलटल्यावर डीएनपीला बसले.

आधी एक गोंधळ मिटवू. डीएनपी म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस. ही पीएचडी नव्हे. रुग्ण का पडतात यावर नवं संशोधन करायचं असेल तर पीएचडी करा. ते संशोधन कधीचं होऊन गेलंय, तरी तुमच्या ३२ खाटांच्या युनिटमध्ये रुग्ण अजून का पडतात, हा डीएनपीचा प्रश्न. केंटकी विद्यापीठाने २००१ मध्ये असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. २००४ मध्ये नर्सिंग कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एएसीएनने, ठराव केला की २०१५ पर्यंत अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसचं, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनरसारख्या वरच्या पातळीच्या नर्सेसचं, शिक्षण मास्टर्सवरून डॉक्टरेटवर न्यायचं. तसं सरसकट झालं नाही, मास्टर्स अजून खणखणीत चालू आहे. मॅग्नेट या उत्तम नर्सिंगच्या मान्यतेसाठी हॉस्पिटलच्या सीएनओकडे, म्हणजे नर्सिंगच्या सर्वोच्च अधिकाऱ्याकडेसुद्धा किमान मास्टर्सच मागतात. त्यामुळे "कायद्याने लागते" असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

मग करायची कशाला? माझं उत्तर एका मीटिंगमधलं आहे. मॅनेजर झाल्यावर पहिल्याच वर्षी रात्रपाळीला एक जादा पीसीटी, म्हणजे नर्सेसच्या हाताखालचा मदतनीस, मागायला मी फायनान्सवाल्यांसमोर बसले. मुली थकल्यात, रुग्णांच्या बेल वाजत राहतात, असं तळमळीने सांगत होते. समोरच्या माणसाने शांतपणे विचारलं, "तुमचे दर रुग्णामागे दर दिवशी किती तास पडतात, आणि बजेट कितीचं आहे?" मला आकडा माहीत होता, पण त्याचा अर्थ लावता येत नव्हता. दहा मिनिटांत मी बाहेर. मुलींचा थकवा खरा होता, पण त्या टेबलावर ज्या भाषेत बोलतात ती मला येत नव्हती. ती भाषा आणि युनिटमधला बदल मोजून दाखवायची सवय, या दोन गोष्टी मला डीएनपीने दिल्या.

आता कसं करायचं ते.

अर्ज भरायच्या आधी प्रश्न शोधा. लोक उलटं करतात, प्रवेश घेतात आणि दुसऱ्या वर्षी विषय शोधत फिरतात. मीही तेच केलं. माझा पहिला विषय होता 'नर्सेसमधला बर्नआउट'. प्राध्यापकांनी परत पाठवला, आणि बरोबर पाठवला. एवढा विषय एका माणसाच्या आवाक्यात मावतच नाही.

मग एका शनिवारी मी युनिटमधल्या पडझडीच्या, म्हणजे रुग्ण पडल्याच्या, वर्षभराच्या नोंदी, नावं काढून, डायनिंग टेबलावर पसरल्या आणि प्रत्येकीवर पिवळी चिठ्ठी लावून फक्त वेळ लिहिली. चिठ्ठ्यांचा ढीग एका जागी साचला: रात्री अकरा ते एक. सगळे म्हणायचे, रात्री माणसं कमी असतात म्हणून. पण माणसं तर पहाटे चारलाही तेवढीच असतात.

म्हणून एका गुरुवारी रात्री दहाला मी साध्या कपड्यांत नर्सिंग स्टेशनवर जाऊन बसले. साडेअकराला एक आजोबा उठले, बाथरूमला. पाऊण तासाने परत तेच. त्यांचा औषधांचा तक्ता उघडला, तर लघवीची गोळी रात्री नऊला दिलेली. हार्ट फेल्युअरच्या पाच रुग्णांचे तक्ते पाहिले, पाचही नऊला. डॉक्टरने लिहिलं होतं 'दिवसातून दोनदा', आणि कॉम्प्युटर 'दोनदा'चा अर्थ आपसूक सकाळी नऊ, रात्री नऊ असा लावत होता. म्हातारी माणसं अंधारात, पायात घसरणारे मोजे, गोळीच्या घाईने उठत होती. मिरजेतल्या आमच्या जुन्या सिस्टरनी हे घड्याळ न बघता सांगितलं असतं.

फार्मसी आणि डॉक्टरांशी बोलून त्या एका गोळीची वेळ सकाळी नऊ आणि दुपारी तीन केली. जादा माणूस नाही, जादा डॉलर नाही. हाच माझा प्रकल्प झाला.

मोजमापाची गोष्ट मात्र शांतपणे वाचा, कारण बहुतेकजणी इथेच अडकतात. एका युनिटमध्ये पडझड महिन्याला एखाद-दुसरीच होते. तेवढ्यावर "कमी झाली" म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. म्हणून मी तीन गोष्टी मोजल्या. एक, संध्याकाळी सहानंतर दिलेल्या लघवीच्या गोळ्यांचं प्रमाण, म्हणजे बदल खरंच झाला का. दोन, अकरा ते एक या वेळात वाजलेले बेड अलार्म (रुग्ण खाटेवरून उठला की वाजतात ते), आठवड्यागणिक. तीन, दुपारची गोळी रुग्ण तपासणीला गेल्यामुळे चुकतेय का, म्हणजे एक भोक बुजवताना दुसरं पाडत नाही ना. मग साधा रन चार्ट, म्हणजे आठवड्यागणिक आकड्यांचा आलेख. मध्यरेषेच्या एकाच बाजूला सलग सहा ठिपके आले तर काहीतरी हललंय असं समजायचं. फायनान्सच्या त्याच माणसाने तो चार्ट पाहून दुसऱ्या युनिटमध्ये कधी करताय, असं विचारलं. एक जोड मी दिलीच होती: ऑक्टोबर २००८ पासून हॉस्पिटलात पडून झालेल्या इजेचे जादा पैसे मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, देत नाही.

आकडे गोळा करायच्या आधी आयआरबीकडे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे, जा. हे संशोधन नाही, सुधारणा आहे, असं त्यांचं पत्र हातात हवं. माझ्या वर्गातल्या एकीने "नंतर घेऊ" म्हणून दोन महिन्यांचे आकडे जमवले आणि सगळे टाकून दिले. शिवाय तुमच्याच हाताखालच्या नर्सेसना प्रश्नावली देणार असाल तर ती गोळा दुसऱ्याने करावी. बॉसला कोण खरं सांगेल?

तासांचा हिशेब पहिल्या आठवड्यापासून ठेवा. एएसीएनच्या २००६ च्या नियमावलीत बॅचलर पदवीनंतरचे १००० प्रॅक्टिस तास होते. २०२१ च्या नव्या आवृत्तीत किमान ५०० आहेत, पण अनेक विद्यापीठं अजून १००० च मागतात. मास्टर्सचे तास बहुधा धरले जातात, त्यासाठी जुन्या विद्यापीठाचं पत्र लागतं. ते अर्जाबरोबरच मागवा. आणि नेहमीच्या नोकरीचे तास यात चालत नाहीत. ड्युटी रोस्टर लावला, तो पगारातला. फार्मसी कमिटीत प्रकल्पासाठी बसलात, तो तास लिहा.

कॉलेज निवडताना सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थांची मान्यता बघा. नर्स प्रॅक्टिशनरचा नाही, लीडरशिपचा ट्रॅक आहे ना, ते विचारा. आकडेशास्त्राला मदत कोण करतं, हेही विचारा. फीसाठी आधी एचआरला भेटा: मालकाने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे पैसे करमुक्त असतात. मला हे दुसऱ्या वर्षी कळलं आणि मी डोक्याला हात लावला. मात्र पैसे घेतल्यावर किती वर्षं नोकरी सोडता येणार नाही, ती ओळ वाचून सही करा.

'डॉक्टर' लावण्याबद्दल प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. रुग्णासमोर मी नर्स म्हणूनच ओळख देते. मिरजेत मात्र बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलंय, त्यामुळे सुट्टीत गेले की कुणीतरी बीपीच्या गोळ्यांची पुडी घेऊन दारात उभं असतंच.

शेवटचं काम पदवीनंतरचं आहे आणि ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. माझा प्रकल्प संपून पाच-सहा महिने झाले असतील. कॉम्प्युटर सिस्टीमचं नवं व्हर्जन आलं आणि लघवीची गोळी गुपचूप परत रात्री नऊवर गेली. तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रात्रपाळीची चार्ज नर्स सहानंतरच्या गोळ्यांची यादी काढून स्टेशनच्या फळ्यावर लावते. मी रजेवर असले तरी लावते.