बातम्यांच्या फीडपासून कानापर्यंत: सुरुवातीची तयारी

वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरच्या बातम्या आपोआप गोळा होऊन रोज सकाळी त्यांचा ऑडिओ तयार मिळावा, असं मनात असेल तर सगळ्यात आधी ऐकणारा कोण ते ठरवा. घरात नजर अधू झालेले आजोबा असतील तर त्यांना सावकाश वाचणारा आवाज आणि आपल्या शहरातल्या बातम्या हव्यात. नागपूरच्या अंबाझरी तलावाकडे फिरायला जाणारा ज्येष्ठांचा गट असेल तर ऐकणं चालता चालता होणार, म्हणजे बातम्या लहान हव्यात. अंध विद्यार्थी असेल तर त्याला वेग वाढवता आला पाहिजे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, ऐकून त्याचा कान आपल्यापेक्षा कितीतरी तयार झालेला असतो. लांबीचा हिशेब यावरूनच होतो. मिनिटाला १२५ शब्द धरले तर २० मिनिटांत अडीच हजार शब्द बसतात, म्हणजे दहा-बारा बातम्या. त्याहून जास्त कोंबू नका. छापील पानावर नजर नको ते ओलांडून पुढे जाते. कानाला ती सोय नाही. माझ्या मते या कामातली तीन चतुर्थांश मेहनत मजकूर ऐकण्याजोगा करण्यात जाते. आवाज निवडणं त्यामानानं सोपं.

मग फीड जमवा, म्हणजे संकेतस्थळाची नव्या बातम्यांची, प्रोग्रामला वाचता येणारी यादी. तिच्या स्वरूपाला आरएसएस म्हणतात. आरएसएसचा पत्ता पानाच्या तळाशी नसेल तर पानामागच्या कोडमध्ये (सोर्समध्ये) शोधा. मिळालेलं प्रत्येक फीड एकदा स्वतः उघडून बघा, पूर्ण बातमी येते की दोन ओळींचा सारांश. सारांशच येत असेल तर दुव्यावरचं पान आणून त्यातून मुख्य मजकूर वेगळा काढावा लागेल. पायथनमध्ये फीड वाचायला फीडपार्सर आणि मजकूर काढायला ट्राफिलातुरा, दोन्ही मोफत आहेत आणि एवढ्या कामाला पुरतात. काढलेल्या मजकुरात 'हेही वाचा', 'आमच्या व्हॉट्सॲप चॅनलला जॉइन व्हा', छायाचित्राखालची ओळ असं बरंच काही घुसलेलं असतं. प्रत्येक संकेतस्थळाची ही वाक्यं ठरलेली असतात. त्यांची वेगळी फाइल करा आणि जुळणारी ओळ गाळून टाका. दिलेल्या बातम्यांचे जीयूआयडी, म्हणजे फीडमधल्या प्रत्येक बातमीची वेगळी ओळखखूण, साठवून ठेवा, म्हणजे कालची बातमी आज पुन्हा वाचली जाणार नाही. वृत्तसंस्थेची एकच बातमी तीन ठिकाणी वेगवेगळ्या जीयूआयडीनं येते. तिथे मथळ्यातले शब्द किती जुळतात हेही तपासा. आणि दर पाच मिनिटांनी कोणाच्या सर्व्हरला त्रास देऊ नका. सर्व्हरनं मागच्या वेळी दिलेला 'ईटॅग', म्हणजे फीडच्या त्या आवृत्तीची खूण, परत पाठवला की नवीन काही नसल्यास सर्व्हर ३०४, म्हणजे 'बदल नाही', एवढंच उत्तर देतो, दोघांचंही काम हलकं होतं.

हक्कांचा विषय इथेच मिटवा, नंतरवर ढकलू नका. घरच्या घरी एका माणसाला ऐकवणं आणि जाहीर चॅनल चालवणं यांत फार फरक आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं कलम ५२मध्ये अपंग व्यक्तींसाठी मजकूर त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात बदलण्याची मुभा आली, पण ती नफ्यासाठी नाही. त्यापलीकडे सगळ्यांसाठी काही करणार असाल तर त्या वर्तमानपत्राची लेखी परवानगी घ्या. प्रत्येक बातमीआधी वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख आली पाहिजे, आणि सुरुवातीला एकदा 'हा आवाज यंत्राचा आहे' असंही सांगितलं पाहिजे. ऐकणाऱ्याचा तो हक्क आहे.

आता मजकुराची तयारी. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट जाईल. मराठी बातमीतली संक्षिप्त रूपं घ्या. 'रा. काटोल' म्हणजे राहणार काटोल, पण 'रा. स्व. संघ' मध्ये तोच 'रा.' राष्ट्रीय होतो. 'ता. १५' ही तारीख आणि 'ता. कुही' हा तालुका. मंत्र्याच्या नावाआधी 'ना.' आला तर नामदार, आणि 'ना.सु.प्र.' असेल तर नागपूर सुधार प्रन्यास. यंत्राला हे आपोआप कळत नाही. म्हणून उच्चारांची यादी करा, एका रकान्यात छापलेलं रूप आणि दुसऱ्यात बोलायचं रूप, आणि लांब रूपं आधी बदला, 'ना.' आधी बदलला तर 'ना.सु.प्र.'चा 'नामदार सु.प्र.' होईल. ही बदलाबदल वाक्यं तोडण्याआधी व्हायला हवी, नाहीतर 'पो. स्टे.' मधल्या टिंबावरच वाक्य संपलं असं यंत्र समजेल आणि नको तिथे थांबेल. रोमन लिपीत आलेली एम्स, मिहान, नीरी ही नावंही यादीत घाला. मराठी आवाज ती कधी गाळतो, कधी एकेक अक्षर वाचतो.

आकड्यांना वेगळा वेळ द्या. '२.५ कोटी' हे 'दोन पूर्णांक पाच कोटी' असं कोणी बोलत नाही, 'अडीच कोटी' म्हणतात, १.५चं 'दीड', १.२५ लाखाचं 'सव्वा लाख'. विदर्भ एक्स्प्रेसचा क्रमांक १२१०६ हा 'एक-दोन-एक-शून्य-सहा' असा यायला हवा, 'बारा हजार एकशे सहा' ऐकून प्लॅटफॉर्मवरचा माणूस गोंधळेल. १९४८ हे साल असेल तर 'एकोणीसशे अठ्ठेचाळीस'. '१५-२० जण' मधली आडवी रेघ म्हणजे 'ते', खेळाच्या बातमीत '३-२' मधली रेघ नुसती थांबण्याची. नागपूरच्या कळमना बाजाराच्या भावांत 'रु./क्विंटल' येतं, तिथे 'रुपये प्रतिक्विंटल' हवं. हे सगळे नियम एकदम सुचणार नाहीत. एका महिन्याच्या जुन्या बातम्या काढून त्यातला आकडा असलेला प्रत्येक तुकडा वेगळा छापून बघा. निम्मे नियम तिथेच सापडतील.

लिपीतली एक अडचण मात्र दिसत नाही, म्हणून नीट सांगतो. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी साठवलेला असतो. एका तऱ्हेत स्वतंत्र 'ऱ' असतो, दुसरीत साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. मजकूर स्वच्छ करणारे बरेच प्रोग्राम न दिसणारी चिन्हं सरसकट पुसतात, आणि मग 'शेतकर्यांना' असा य वर रफार बसून उच्चार बिघडतो. आधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदला, मग पुसापुशी करा. एखाद्या तालुक्याच्या साप्ताहिकाचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आला तर तो कन्व्हर्टरमधून काढल्याशिवाय पुढे पाठवू नका.

आवाज निवडताना हिंदी आवाजावर भागवू नका. नागपुरात घरोघरी हिंदी बोलली जाते, तरी हिंदी आवाजाचा 'ळ' आणि 'च' मराठी कानाला खटकतो. 'चार जनावरांना चारा' यातले दोन च वेगळे आहेत, आणि हिंदीत दुसरा मुळी नाहीच. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या क्लाउड सेवेवर आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, गुगल क्लाउडवरही मराठी आहे. इंटरनेटविना चालवायचं असेल तर आयआयटी मद्रासमधल्या एआय-फॉर-भारतची मॉडेलं बघा. ईस्पीक एनजी हे मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर अगदी हलकं आहे, जुन्या मशीनवरही चालतं. आवाज यांत्रिक असला तरी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या तो सवयीचा असतो, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय तो बाद करू नका. क्लाउडवर एका विनंतीत किती मजकूर जाईल याची मर्यादा असते आणि गुगलवर ती ५००० बाइटची आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे हातात सोळा-सतराशे चिन्हंच उरतात. तुकडे वाक्याच्या शेवटीच पाडा.

ऑडिओचे तुकडे जोडायला एफएफएमपेग हा प्रोग्राम घ्या. दोन बातम्यांत सेकंदभर शांतता ठेवा, एक बातमी बाईच्या आणि पुढची पुरुषाच्या आवाजात दिली तर बातमी बदलल्याचं लगेच कळतं. आवाजाची पातळी एकसारखी करा. मोनो, ६४ केबीपीएस एमपी-थ्री पुरे. २० मिनिटांची फाइल दहा एमबीच्या आत राहते. पोहोचवायला खासगी पॉडकास्ट फीड सोपं, कारण पॉडकास्ट हेही आरएसएसच आहे, फक्त प्रत्येक नोंदीत ऑडिओ फाइलचा पत्ता जोडलेला. पॉडकास्ट ॲप ज्यांना जमत नाही त्यांना टेलिग्रामचा बॉट फाइल पाठवू शकतो.

वेळ लावताना सर्व्हरचं घड्याळ तपासा. क्लाउडचं मशीन बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, म्हणजे आपले सकाळचे सहा तिथे ००:३०. घरच्या मशीनवर चालवणार असाल तर मे महिन्याचा विचार करा. पारा पंचेचाळिशीवर, संध्याकाळी वादळ, लाइट गेली. इन्व्हर्टरवर जोडा आणि लिनक्समध्ये ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सिस्टमडी टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू ठेवा, म्हणजे हुकलेली पाळी मशीन सुरू होताच पूर्ण होते. काहीच जमलं नाही तरी 'आज बातम्या मिळू शकल्या नाहीत' एवढी फाइल गेलीच पाहिजे. जुनी फाइल आजची म्हणून गेली तर ऐकणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

पहिले काही दिवस ऐकणाऱ्याजवळ बसा, छापील मजकूर हातात घेऊन. तो 'काय म्हणाला?' असं जिथे विचारेल त्या शब्दावर खूण करा आणि तो त्याच दिवशी यादीत घाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा राज्यभरातल्या आमदारांची नावं, गावं आणि विधेयकांची लांबलचक शीर्षकं बातम्यांत एकदम येतात. त्यांची यादी नोव्हेंबरातच भरून, आवाजात एकदा वाचवून ठेवा.