मागून बसलेली गाडी आणि नव्या स्प्रिंगा

माझी एसयूव्ही चौदा वर्षांची आहे. रोज ऑफिस, बाजार, मुलांची ने-आण आणि वर्षातून दोनदा डिकी गच्च भरून लांबचा प्रवास. मध्यंतरी ती मागून इतकी बसली की रात्री समोरून येणारे लोक मला दिवे मारायला लागले. त्यांना वाटायचं, मी अप्पर लावलाय. खरं तर लोअरच होता. शेपूट खाली गेल्यामुळे नाक वर झालं होतं.

तेव्हा मी केलेली चूक आधी सांगतो. कायम 200 किलो जादा वजन वाहणाऱ्या गाड्यांसाठीच्या 'हेवी ड्यूटी' स्प्रिंगा घेतल्या. महागड्या त्या चांगल्याच, असा हिशेब. गाडी मागून दोन बोटं वर आली, मी खूश. पण रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्याला टणकन उडायची. आई नेहमी मागे बसायची, ती न बोलता पुढे बसायला लागली. आठ महिन्यांनी त्या स्प्रिंगा उतरवल्या.

तर सुरुवात टेपने करा. गाडी सपाट जमिनीवर, टाकी साधारण अर्धी, आत कुणी नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. हा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. डावी-उजवीत ठळक फरक असेल तर एका बाजूची स्प्रिंग तुटली असण्याची शक्यता धरा. टोकाचा वेढा बहुतेक वेळा खालच्या बैठकीत, चिखल साचतो तिथेच गंजून तुटतो आणि वरून दिसतही नाही.

इथे एक गैरसमज. जुनी स्प्रिंग 'मऊ' होते असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ती गंजून बारीक झाली नसेल तर तिचा ताठपणा जवळपास तेवढाच राहतो. कमी होते ती उंची. म्हणजे गाडी बसली म्हणून जास्त ताठ स्प्रिंग लागतेच असं नाही. बऱ्याचदा मूळ मापाची नवी जोडी पुरते. आणि गाडी हेलकावे खात असेल, तर ते काम शॉकअपचं. नेहमीचा शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त हालचाल आवरतो. बसलेल्या गाडीला नवे शॉकअप घालून उंची परत येत नाही.

आता वजनाचा प्रश्न, आणि इथे स्वतःशी खोटं बोलू नका. सुट्टीतल्या प्रवासाचं वजन धरू नका, सोमवार ते शनिवार गाडीत काय असतं ते लिहा. मी लिहिलं तेव्हा दोन माणसं आणि एक दप्तर एवढंच निघालं! मागे कायमची गॅसची टाकी, जड बंपर किंवा अवजारांची पेटी असेल तर मात्र ते वजन धरूनच स्प्रिंग निवडा.

आकड्यांत सांगायचं तर स्प्रिंगचा ताठपणा 25 न्यूटन प्रति मिलिमीटर असेल (म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला सुमारे अडीच किलोचा भार लागतो) आणि सरळ अॅक्सलवर, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या एकाच आडव्या दांड्यावर, 100 किलो वाढले, तर प्रत्येक बाजूला 50 किलो येऊन गाडी सुमारे 20 मिलिमीटर बसते. 35 ची स्प्रिंग असेल तर 14. सहा मिलिमीटर वाचवण्यासाठी रोजचा दणका सोसायचा का, ते तुम्ही ठरवा. तारेच्या जाडीकडेही लक्ष असू द्या. बाकी मापं तीच ठेवून तार 13 वरून 14 मिलिमीटर केली की ताठपणा साधारण एक तृतीयांशाने वाढतो. 'थोडीशीच जाड आहे' असं दुकानदार म्हणाला की मला हा हिशेब आठवतो.

वजन कधी असतं, कधी नसतं, अशांना वेढ्यांमधलं अंतर कमी-जास्त असलेली स्प्रिंग बरी पडते. वजन आलं की जवळचे वेढे एकमेकांना टेकतात आणि उरलेली स्प्रिंग ताठ होते. मी शेवटी मूळ मापाचीच घेतली आणि प्रवासापुरत्या स्प्रिंगच्या आत हवेच्या पिशव्या बसवल्या. एक मात्र पाहा, काही गाड्यांत स्प्रिंगच्या मधल्या जागेत बंप स्टॉप (गाडी पार खाली दबली की दणका झेलणारा रबरी ठोकळा) असतो, तिथे पिशवी बसत नाही.

मागे गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) असतील तर नुसता एक जादा पाटा घालण्याआधी शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे, बुश (सांध्यातले रबरी तुकडे) पाहा, आणि पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या.

खरेदी करताना गाडीचा चॅसिस नंबर द्या. एकाच मॉडेलला पाच आणि सात सीटच्या वेगळ्या स्प्रिंगा असू शकतात. जुन्या स्प्रिंगवरचे रंगाचे ठिपके त्यासाठीच असतात, घासून टाकण्याआधी फोटो काढा. जोडीनेच बदला. वरखालचे रबर पॅडही नवे घ्या, चपटे झालेले पॅड काही मिलिमीटर उंची खातात.

उंची मूळ मापापेक्षा वाढवायचा मोह झालाच, तर अॅक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह (मागच्या वजनाप्रमाणे मागचे ब्रेक कमी-जास्त करणारा) आहे का ते पाहा. गाडी उचलली गेली की त्याला वाटतं मागे वजनच नाही, आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. मेकॅनिकला याची आठवण करून द्यावी लागते.

बसवताना गाडी स्टँडवर हवी, फक्त जॅकवर नाही. बुशचे बोल्ट चाकांवर वजन आल्यावरच पक्के करा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. काही आठवडे चालवल्यावर पुन्हा टेप लावा, नवी स्प्रिंग थोडी बसते. मग हेडलाइटची उंची जुळवून घ्या. माझी जुळवली तेव्हापासून समोरून दिवे येणं थांबलं, आणि आई पुन्हा मागे बसते.