वावरात सरसोंची भाजी लावताना

नागपूरजवळच्या आमच्या कळमेश्वरच्या वावरात मी पहिल्यांदा भाजीसाठी मोहरी, म्हणजे हिंदीतली सरसों, पेरली, तेव्हा सासूबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "आपल्याकडं हे कोन खाते वं?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी मात्र उत्तर न शोधताच पेरून मोकळी झाले होते. अर्धा एकर, एकाच दिवशी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.

बी घेतलं त्या दुकानात सांगितलं होतं, लवकर पेरा, भाव मिळेल. पण नागपूरचा ऑक्टोबर म्हणजे दुपारी ३२-३३ अंश. चौथ्या दिवशी रोपं वर आली आणि पिसू भुंगेऱ्यांनी दुपानी रोपांची चाळण केली. जी वाचली ती उन्हानं तिखट झाली, आणि सगळी एकाच आठवड्यात काढणीला आली. कॉटन मार्केट या नागपूरच्या भाजीबाजारातल्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, मेथी-पालकाच्या ढिगांपुढे माझ्या जुड्यांकडे कोणी वळून पाहिलं नाही. दुपारी पोत्यात हात घातला तर आतून गरम लागत होतं. पालेभाजी दाबून भरली की तापते आणि पिवळी पडते. तो माल गुरांपुढे टाकला.

म्हणून नव्यानं लावणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं बियाण्याबद्दल नाही, गिऱ्हाइकाबद्दल आहे. मोहरी आपल्या मराठी घरात फोडणीपुरती. पाला रांधणारी घरं नागपुरात आहेत, पण ती ठरावीक भागात: जरीपटका, कामठी रोडच्या बाजूच्या वस्त्या, महामार्गावरचे पंजाबी ढाबे. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः १३ जानेवारीच्या लोहडी या पंजाबी सणाच्या आगेमागे, मागणी जोरात असते. तुमची गाडी तिथपर्यंत जात नसेल तर हे पीक लावू नका, मेथी लावा.

दुसऱ्या वर्षी मी स्वतः जुड्या घेऊन जरीपटक्यात गेले. एका वयस्कर बाईंनी जुडी हातात घेतली, पानांकडे पाहिलंसुद्धा नाही. मधला डेंडा, म्हणजे फुलाचा दांडा, नखानं मोडला. टच्‌कन तुटला. "हाँ, गंदल अच्छी है," म्हणाल्या आणि चार जुड्या घेतल्या. दुसऱ्या जुडीतला डेंडा मोडताना दोरा लोंबला, ती जुडी त्यांनी बाजूला सारली. तोवर मी डेंडा वर आला की पीक हातचं गेलं असं समजत होते. पण खाणाऱ्यांना फूल उमलण्याआधीचा, कळ्या धरलेला कोवळा डेंडाच, म्हणजे गंदल, हवा असतो. त्याच बाईंनी विचारलं, बथुआ आहे का? साग, म्हणजे त्यांची पालेभाजी, एकट्या सरसोंचा होत नाही, त्यात पालक आणि बथुआ पडतो. बथुआ म्हणजे पुण्याकडचं चाकवत. आमच्या गव्हात तो तण म्हणून उगवतो आणि निंदणात उपटून धुऱ्यावर फेकला जायचा. आता निंदणाऱ्या बायका तो वेगळा काढतात आणि तिन्ही भाज्यांची एकत्र जुडी नुसत्या मोहरीच्या आधी संपते. फक्त गव्हावर तणनाशक मारलं असेल, तर त्या वावरातला बथुआ विकू नका.

आता पेरणी. दिवाळीनंतर रात्री गार पडायला लागल्या की सुरुवात करायची आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत दर दहा दिवसांनी दोन-दोन गुंठेच पेरायचे. एकदम पेरलं की एकदम तयार होतं, आणि ही भाजी तुमच्यासाठी थांबत नाही. गुंठ्याला ५०-६० ग्रॅम बी पुरे. बी बारीक असल्यामुळे कोरड्या रेतीत मिसळून ओळीत टाकावं, एक-दीड सेंटीमीटरपेक्षा खोल नको. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून गादीवाफाच, म्हणजे उंच वाफा, करा आणि वाफसा आल्यावरच, म्हणजे माती चिकट न राहता नुसती ओलसर झाल्यावरच, पेरा. ओल्या मातीत पेरलं तर वर पापडी धरते आणि कोंब खालीच मरतो. दोन ओळींत २०-२५ सेंटीमीटर ठेवते. पंधराव्या दिवशी विरळणी करते, उपटलेली कोवळी रोपंही विकली जातात.

बी घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. तेलासाठीच्या मोहरीचं बी बरेचदा औषध लावलेलं, रंगवलेलं असतं. तिची भाजी नाही, शेंग पिकवायची असते. आपण महिन्या-सव्वा महिन्यात पान लोकांच्या ताटात देतो, तेव्हा प्रक्रिया न केलेलं बी मागा. भाजीसाठीच काढलेला 'पुसा साग-१' हा वाण आहे, मी तोच लावते.

खताला फार काही नाही. कुजलेलं शेणखत आणि पेरताना सिंगल सुपर फॉस्फेट, कारण त्यातलं गंधक मोहरीला मानवतं. युरियाचा हात आवरा. पान हिरवंगार दिसतं, पण मऊ पडतं आणि मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, बोलावून घेतं.

मावा हाच या पिकाचा खरा वैरी. जानेवारीत दोन दिवस ढगाळ राहिलं की कळीच्या देठावर राखाडी थर बसतो, आणि आपण विकतो तो नेमका तोच भाग. मी रोज सकाळी शेंड्याशेंड्यावर नजर टाकते. दिसला की तेवढा शेंडा खुडून पिशवीत घालून बाहेर नेते, आणि वाफ्यावर ५ टक्के निंबोळी अर्क मारते. १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळायची. काळपट अळी सकाळी पानावर सापडते. हात लागला की वेटोळं करून खाली पडते, म्हणून खाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरायचं. पानाच्या खालच्या बाजूला पांढरे फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा. ती पानं काढून वाफ्याबाहेर न्यावीत. कोबी-फुलकोबीच्या वाफ्यात लागोपाठ मोहरी नको, दोघींची कीड एकच.

काढणी आम्ही उजाडायच्या आत करतो. दव निथळू द्यायचं, मग सैल जुड्या बांधून ओल्या बारदानाखाली क्रेटमध्ये उभ्या ठेवायच्या. पोतं नाही. पाणी नियमित दिलेलं पीक चवीला सौम्य राहतं, ताण पडलेलं झोंबतं, आणि गिऱ्हाईक ते पहिल्याच घासाला ओळखतं. ढाब्यावाल्यांचं सांगणं आदल्या संध्याकाळी फोनवर येतं. तेवढंच कापते. उरलेलं वाफ्यातच दोन दिवस जास्त टिकतं.

शेवटच्या पेऱ्यातला एक वाफा मी कापत नाही. फेब्रुवारीत तो पिवळा धमक होतो, मधमाश्या येतात. मार्चमध्ये शेंगा पिवळट झाल्या की पहाटे कापून ताडपत्रीवर वाळवायच्या; उन्हात कापल्या तर दाणे वावरातच सांडतात. हे बी सासूबाई पाखडतात. एवढ्यात पुढच्या हिवाळ्याचे सगळे पेरे निघतात आणि वर फोडणीच्या डब्यालाही पुरतं.