कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीला जाताय? मग बॅग उंची बघून भरा

मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा फोनवर दरीच्या तळाशी असलेल्या फर्नेस क्रीकचं टेंपरेचर २९ दाखवत होतं, म्हणून स्वेटर सगळे हॉटेलवरच ठेवले. वर दांतेज व्ह्यू पॉइंटला गाडीचं दार उघडलं तर वाऱ्याने हातातून सुटलंच, आणि आई जी पदर कानाला गुंडाळून आत बसली ती फोटोलाही बाहेर आली नाही. खाली मिठाचा पांढरा पट्टा उन्हात तळपतोय आणि समोर टेलिस्कोप पीक या शिखरावर बर्फ!

चूक माझीच. बॅडवॉटर, म्हणजे तळाचं ते मिठाचं मैदान, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, दांतेज व्ह्यू साधारण १६७० मीटर वर. हजार मीटर चढलात की साडेसहा डिग्री कमी धरायचे, म्हणजे इथेच ११-१२ डिग्री गेले, वर वारा वेगळाच. त्यामुळे फोरकास्ट बघताना आधी तो कुठल्या उंचीचा आहे ते बघा. एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे, विंडचीटर आणि कानटोपी गाडीतच असू द्या (हो, कानटोपी, हसू नका).

डोंगराच्या एका बाजूला पाऊस आणि पलीकडे कोरडं, हा प्रकार आपल्याला नवा नाही खरं तर, महाबळेश्वरला धो धो आणि माण-खटावला ढग नुसते बघायचे, तसंच. पॅसिफिकवरून आलेली ओल सिएरा नेवाडाची डोंगररांग चढताना बर्फ होऊन पडते, मधल्या रांगा उरलीसुरली काढून घेतात आणि पलीकडे उतरणारी हवा कोरडी आणि तापलेली. वर्षाला जेमतेम दोन इंच पाऊस. पण तो एकदमही पडतो, ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात वर्षभराचा पडला आणि पार्क ऑक्टोबरपर्यंत बंद होतं. ढग दिसले तर ओढ्याच्या पात्रात, अरुंद घळीत शिरू नका.

पाणी माणशी दिवसाला किमान ४ लिटर. टाकी बाहेरच फुल करा, आत पेट्रोल महाग आहे. नेटवर्क बहुतेक ठिकाणी नाही, मॅप ऑफलाइन घ्या आणि कुठले रस्ते बंद आहेत ते आदल्या रात्रीच पार्कच्या साइटवर बघा. उन्हाळ्यात घाट चढताना एसी बंद करा नाहीतर इंजिन तापतं, आणि सकाळी १० नंतर खालच्या भागात चालायला जाऊ नका. माझं मत विचाराल तर जून ते ऑगस्ट जाऊच नका, १९१३ च्या जुलैत फर्नेस क्रीकला ५६.७ डिग्रीची नोंद झालीय.

बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोकडून) थंडीत निघणाऱ्यांनी योसेमिटीतून शॉर्टकट मारायचा विचार सोडा, तिथला सिएरा ओलांडणारा टायोगा रोड साधारण नोव्हेंबर ते मे-जून बर्फाने बंद असतो, बेकर्सफील्डवरून वळसा घालून जा. परतताना हायवे ३९५ ने लोन पाइन गावात थांबणार असाल तर स्नो चेन्स (बर्फासाठी टायरला लावायच्या साखळ्या) ठेवा, समोर ४४२१ मीटरचा माउंट व्हिटनी आहे आणि बॅडवॉटरपासून सरळ रेषेत तो जेमतेम १३६ किलोमीटरवर.

आणि बॅडवॉटरला जुने बूट घाला. ते मीठ ओलं असेल तर तळव्याला चिखलासारखं चिकटतं, आमच्या गाडीचं मॅट अजून पांढरंच आहे.